मृत्यूचा दाखला आणि मृत्यूचं कारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयाच्या नोंदी विभागात माझी बरीच वर्षं गेली. नोंदी विभाग म्हणजे तळमजल्यावरची ती खोली, जिथे केसपेपरचे गठ्ठे असतात आणि खिडकीशी कायम कुणीतरी रडवेल्या चेहऱ्याने उभं असतं. त्या खिडकीतून आलेलेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. कायदा मात्र देशभराचा आहे, 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, आणि 2023 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली.

बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारणच लिहिलेलं नाही. कारकून विसरला का?

नाही. दाखल्यावर कारण लिहायला कायद्यानेच मनाई आहे. अधिनियमाच्या 17 व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना त्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. दाखल्यावर नाव, लिंग, मृत्यूची तारीख, ठिकाण, आईवडिलांची आणि पती किंवा पत्नीची नावं, पत्ता, नोंदणी क्रमांक एवढंच असतं. माणूस गेला, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, इतकंच तो कागद सांगतो. वारसनोंद, बँक, पेन्शन, सातबारा यांना त्याहून जास्त काही लागत नाही.

हे ठाऊक नसल्यामुळे लोक दाखला घेऊन चार ठिकाणी फिरतात, ‘यावर कॅन्सर लिहून द्या’ म्हणतात आणि वैतागून परत येतात. दाखला आणि कारणाचा कागद हे दोन वेगळे कागद आहेत. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून हाच प्रश्न पहिला घेतला.

मग कारण लिहितात कुठे?

रुग्णालयात मृत्यू झाला तर ‘नमुना 4’ मध्ये आणि घरी झाला तर ‘नमुना 4-अ’ मध्ये. हे वैद्यकीय प्रमाणपत्र शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरायचं असतं. त्याशिवाय ‘नमुना 2’ नावाची मृत्यूची खबर असते. तिचे दोन भाग असतात. कायदेशीर भाग निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, राहतो. दुसरा सांख्यिकीचा भाग वेगळा काढून आकडेवारीसाठी वर पाठवतात. त्यात आजाराचं नाव विचारतात, मृत्यूपूर्वी कुठले उपचार मिळाले ते विचारतात. गंमत म्हणजे माणूस किती वर्षं विडी-सिगारेट ओढत होता, तंबाखू किंवा सुपारी खात होता, दारू पीत होता, हेही विचारतात. घरचे त्या रकान्यापुढे हमखास ‘नाही’ लिहितात. गेलेल्या माणसाच्या दारूची नोंद सरकारदरबारी कशाला, अशी साधी भावना असते. आम्हीही कधी उलट विचारलं नाही.

नमुना 4 वर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलंय. म्हणजे हार्ट अटॅकच ना?

नाही. या तीन शब्दांचा मराठीत सरळ अर्थ ‘हृदय आणि श्वास थांबला’ एवढाच होतो. ते तर प्रत्येक मेलेल्या माणसाचं थांबतं. विहिरीत बुडालेल्याचं थांबतं, क्षयाने गेलेल्याचंही थांबतं. ही मरण्याची रीत झाली, कारण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या या फॉर्मची सूचनाच सांगते की असं लिहू नका. तरी आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर ‘सीआरए’ ही तीन अक्षरं इतकी ठरलेली असायची की कोडिंग करणारी, म्हणजे प्रत्येक कारणाला आकडेवारीसाठीचा कोड देणारी, माझी सहकारी म्हणायची, ‘यांना रबरी शिक्काच करून द्या.’

एक उदाहरण घेते. अडुसष्ट वर्षांच्या बाई. मधुमेह जुना. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दहा दिवस अंथरुणावर. अकराव्या दिवशी एकाएकी दम लागला आणि गेल्या. पायात धरलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली होती. फॉर्म आला तो असा: ‘1 अ: कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. 1 ब: मधुमेह.’ खाली सही, शिक्का, वेळ पहाटे तीन चाळीस.

फॉर्म कसा भरायला हवा होता? पहिल्या भागात एक शिडी असते, वरून खाली उतरायची. ‘अ’ ला थेट कारण, म्हणजे फुप्फुसातली गुठळी. ती कशामुळे, ते ‘ब’ मध्ये, म्हणजे खुब्याचं मोडलेलं हाड. ते कशामुळे, तर ‘क’ मध्ये, न्हाणीघरात पडल्यामुळे. सगळ्यात खालची पायरी हेच मूळ कारण, आणि देशाच्या आकडेवारीत मोजतात ती तीच. मधुमेहाने हातभार लावला असेल, पण शिडीत तो बसत नाही. त्याची जागा दुसऱ्या भागात. प्रत्येक ओळीशेजारी एक बारीक रकाना असतो, त्रास सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला त्याचा. तो रकाना भरलेला फॉर्म माझ्या हाताखालून फार क्वचित गेला.

आता फरक बघा. चुकीच्या फॉर्मप्रमाणे या बाई मधुमेहाने गेल्या. बरोबर फॉर्मप्रमाणे त्या पडून झालेल्या दुखापतीने गेल्या. म्हणजे ही अपघाती मृत्यूची, पोलिसांना कळवायची केस होती. अपघात विमा असता तर तो लागू झाला असता. म्हाताऱ्या माणसांच्या पडण्यामुळे किती जीव जातात हे मोजणाऱ्याच्या यादीत एक आकडा वाढला असता. यातलं काहीच झालं नाही. आणि फॉर्म भरणाऱ्याचा हेतू अगदी साफ होता.

डॉक्टर असं का लिहितात? त्यांना शिकवत नाहीत का?

शिकवतात. न्यायवैद्यकशास्त्र आणि जनऔषधशास्त्र या दोन्ही विषयांत हा फॉर्म येतो. पण तो परीक्षेपुरता येतो आणि तिथेच राहतो. प्रत्यक्षात फॉर्म भरतो वॉर्डातला सगळ्यात कनिष्ठ माणूस, इंटर्न किंवा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर. पेशंटला त्याने सहा तासच पाहिलेलं असतं. बाजूला नातेवाईक ‘बॉडी कधी मिळणार’ म्हणून उभे, शववाहिनीवाला खाली हॉर्न वाजवतोय, दुसऱ्या खाटेवर कुणाचं तरी बीपी पडतंय. अशा वेळी जे लिहिल्याने कुणी प्रश्न विचारणार नाही तेच पेनातून उतरतं. ‘सीआरए’ला कुणी आव्हान देत नाही. ‘ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग’ लिहिलं तर सकाळी युनिटचे सर विचारतात, ‘हे कुणी लिहिलं?’

धाक म्हणाल तर तोही नव्हता. प्रमाणपत्र द्यायला टाळाटाळ केली तर जुन्या कायद्यात दंड होता जास्तीत जास्त पन्नास रुपये! 2023 च्या दुरुस्तीत तो वाढवला. पण चुकीचं किंवा मोघम लिहिल्याबद्दल कुणाला काही झाल्याचं मी कधी पाहिलं नाही. मोघमपणाला दंडही नाही आणि तो पकडणारंही कुणी नाही. कोडिंग करणारी व्यक्ती फार तर फॉर्म परत पाठवते. तोवर तो निवासी डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात गेलेला असतो.

घरीच गेले. आता कोण लिहून देणार?

शेवटच्या आजारात ज्यांचे उपचार चालू होते ते डॉक्टर, बहुतेक वेळा फॅमिली डॉक्टर. ते येऊन तपासतात आणि 4-अ देतात. शहरात हा कागद दाखवल्याशिवाय स्मशानाचा पास मिळत नाही. कायद्यानुसार हे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचं असतं. घरी येण्याची व्हिजिट फी हा वेगळा विषय, पण कागदाचे पैसे मागता येत नाहीत.

अडचण येते ती रात्री-अपरात्री. नेहमीचे डॉक्टर फोन उचलत नाहीत. मग गल्लीतल्या, पेशंटला कधीही न पाहिलेल्या कुणाकडून तरी कागद आणला जातो. त्याने नाही म्हटलं तर लोक चिडतात, पण त्याचं नाही म्हणणंच बरोबर आहे. ज्याने उपचार केले नाहीत त्याने कारण प्रमाणित करू नये. मृत्यू अचानक असेल, अंगावर जखम असेल, विषाचा संशय असेल तर पोलिसांना कळवून शवविच्छेदन हाच मार्ग आहे. घरी धाप लागली, रिक्षात घालून रुग्णालयात नेलं आणि दारातच मृत घोषित केलं, त्याला आम्ही ‘ब्रॉट डेड’ म्हणतो. तिथेही बहुतेकदा शवविच्छेदनाचीच वाट धरावी लागते. घरच्यांना ते क्रूर वाटतं. मला आजही त्यांची समजूत काढता येत नाही.

खेड्यात चित्र निराळं. तिथे ग्रामपंचायतीत नोंद होते, निबंधकाचं काम ग्रामसेवकाकडे, आताच्या भाषेत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे. डॉक्टरने पाहिलेलंच नसेल तर वैद्यकीय प्रमाणपत्रच नसतं. खबर देणारा जे सांगेल ते कारण.

‘वृद्धापकाळ’ हे कारण चालतं का?

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत चालतं. ‘वृद्धापकाळाने’, ‘अल्पशा आजाराने’, ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ ही आपली तीन ठरलेली कारणं, अख्खा महाराष्ट्र यातल्याच एकाने जातो. नोंदवहीत मात्र वृद्धापकाळ म्हणजे ‘कारण माहीत नाही’ याचं सभ्य रूप. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला कोड आहे, आर 54. पण आकडेवारीवाले अशा कोडांना ‘कचरा कोड’ म्हणतात. ‘हृदयक्रिया बंद’ आय 46 मध्ये जातं, तेही त्याच डब्यात. कोड मिळाला म्हणून कारण कळलं असं होत नाही.

माझ्या सख्ख्या मामाची नोंद गावच्या वहीत ‘वृद्धापकाळ’ अशी आहे. मामा गेला तेव्हा चौपन्न वर्षांचा होता. सहा महिने खोकला, वजन निम्म्यावर, संध्याकाळी बारीक ताप. क्षय असावा हे मामीलाही कळत होतं. खबर द्यायला गेलेल्या चुलतभावाने तसं सांगितलं नाही, आणि वहीत लिहिणाऱ्याने, केस पांढरे होते ना, म्हणून वृद्धापकाळ लिहून टाकलं. पुढच्या वर्षी मामीलाही क्षय निघाला.

शवविच्छेदन झालं म्हणजे कारण पक्कं?

बऱ्याचदा हो, नेहमी नाही. डोक्यातला रक्तस्राव किंवा फुटलेलं यकृत डोळ्यांना दिसतं. विषबाधा, झटके, हृदयाच्या लयीचे बिघाड दिसत नाहीत. मग डॉक्टर व्हिसेरा राखून ठेवतात, म्हणजे जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे आणि रक्त, आणि ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातात. कागदावर येतं ‘मत राखीव’. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागू शकतात, आणि तोवर विम्याची फाईल, सरकारी मदतीची फाईल, सगळं थांबून राहतं. अहवाल आला की पोलिसांमार्फत शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरकडे अंतिम मत मागायचं असतं. हे काम आपोआप होत नाही, घरच्या कुणीतरी ठाण्यात जाऊन आठवण करून द्यावी लागते. 1 जुलै 2024 पासून अशा मृत्यूंचा पोलिसांचा पंचनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 व्या कलमाखाली होतो. जुन्या कागदांवर ‘सीआरपीसी 174’, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम, दिसेल, ते तेच.

घरचे लोकच खोटं कारण सांगतात, असं होतं का?

होतं, आणि त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. एचआयव्ही, आत्महत्या, लग्नाआधीचं गरोदरपण, दारू ही कारणं फॉर्मवर आली की ती गावात येतात असं लोकांना वाटतं. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला तेव्हाही हेच झालं. घराची झडती, रोग्याला उचलून नेणं, घरच्यांना विलगीकरण छावणीत टाकणं या भीतीने लोकांनी आजारी माणसं आणि मढी लपवली. प्लेगचे मृत्यू दुसऱ्याच नावाखाली गेले. अधिकाऱ्यांनाही खरा अंदाज एकूण मृत्यू नेहमीपेक्षा किती वाढले यावरूनच बांधावा लागला.

पण सगळंच लपवणं असं भाबडं नसतं. नोकरीला लागले तेव्हा भाजलेल्या बायकांच्या केसपेपरवर एकच वाक्य असायचं: ‘स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडाला.’ वय बावीस, वय एकोणीस, वय चोवीस. स्टोव्ह फक्त सुनांनाच का भाजतो, हे विचारायची पद्धत नव्हती. देशातल्या 2001 च्या आकड्यांवर झालेल्या एका अभ्यासात आगीने झालेले मृत्यू 1 लाख 63 हजारांवर निघाले, म्हणजे पोलिसांच्या आकड्याच्या सुमारे सहापट. त्यातल्या 1 लाख 6 हजार बायका होत्या, बहुतेक 15 ते 34 वयाच्या. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर विवाहितेच्या संशयास्पद मृत्यूची वेगळी चौकशी होते, ती उगाच नाही.

नमुना 4 मध्ये बाईच्या मृत्यूसाठी आणखी एक प्रश्न असतो: ती गरोदर होती का, बाळंतपण झालं होतं का. बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंतचा मृत्यू हा मातामृत्यू असू शकतो. मेडिसिनच्या वॉर्डात कावीळ म्हणून दाखल झालेली बाळंतीण या प्रश्नापुढचा रकाना कोरा राहिला की मातामृत्यूच्या यादीतून बाहेर पडते.

मग देशाचे आकडे कितपत खरे धरायचे?

आधी हे बघा की कारणाचा कागद मिळतो किती जणांचा. 2020 साली देशात 81 लाखांवर मृत्यूंची नोंद झाली. त्यातल्या सुमारे 18 लाखांचंच कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं, म्हणजे साधारण 22 टक्के. पुढच्या वर्षी 23 टक्क्यांच्या थोडं वर. छोट्या गोव्यात हे प्रमाण शंभर टक्क्यांवर पोचलेलं दिसतं, तर काही मोठ्या राज्यांत ते अगदीच तळाला. ‘भारतात इतके टक्के लोक हृदयविकाराने जातात’ असं वाक्य वाचलं की मी आधी विचारते, कुठल्या भारतात? रुग्णालयात मरणाऱ्या की घरी मरणाऱ्या?

ही उणीव भरून काढायला महानिबंधक कार्यालयाची नमुना नोंदणी पद्धत आहे. इथे नमुना म्हणजे सँपल, फॉर्म नव्हे. निवडक गावांत आणि वस्त्यांत माणूस गेला की नंतर सर्वेक्षक घरी जाऊन विचारतो: ताप किती दिवस होता, खोकला होता का, पाय सुजले होते का, शेवटचे दोन दिवस कसे गेले. ही माहिती दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचतात आणि कारण ठरवतात. त्यांचं जमलं नाही तर तिसरा निकाल देतो. याला ‘तोंडी शवविच्छेदन’ म्हणतात. शब्द कानाला विचित्र लागतो, पण काम भारी आहे.

यातूनच सापांचा आकडा बाहेर आला. 2005 या एका वर्षात देशात सर्पदंशाने जवळपास 46 हजार माणसं गेली असा अंदाज निघाला, सरकारी रुग्णालयांच्या नोंदींच्या तीसपटींहून जास्त. शेतात चावला, भगताकडे नेला, वाटेत किंवा घरी गेला आणि संध्याकाळच्या आत सरण रचलं. असा माणूस रुग्णालयाच्या वहीत येणार कसा? सर्पदंश ओळखणं या पद्धतीला सोपं जातं, कारण घरच्यांना साप ठाऊक असतो. ताप मात्र तापासारखाच असतो. 2010 साली याच पद्धतीने मलेरियाचे वर्षाला दोन लाखांवर मृत्यू निघाले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा 15 हजारांच्या आसपास होता. मोठा वाद झाला. नुसत्या तापाच्या वर्णनावरून मलेरिया ठरवता येतो का, हा आक्षेप मलाही खरा वाटतो. पण 15 हजारांवर मग माझाही विश्वास उरला नाही.

कोविडमध्ये नक्की काय झालं होतं?

त्या दोन वर्षांत आमच्या खिडकीशी एरवीपेक्षा चौपट गर्दी. सुरुवातीला आदेशच रोज बदलत. ज्याला आधीपासून कॅन्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार, त्याचं मूळ कारण कोविड लिहायचं की जुना आजार, यावर प्रत्येक जिल्ह्यात निराळं उत्तर. 16 जून 2020 रोजी महाराष्ट्राने जुने राहिलेले 1,328 मृत्यू एका दिवसात यादीत घेतले, त्यातले 862 एकट्या मुंबईचे. ताळा घातल्यावर सापडलेले.

वर्षअखेरीस गंमत वाटावी असा हिशेब झाला. 2020 चा देशाचा अधिकृत कोविड आकडा दीड लाखाच्या जरा आत होता. वैद्यकीय प्रमाणपत्रांतून, म्हणजे नोंदलेल्या मृत्यूंच्या पाव हिश्शाहूनही कमी कागदांतून, कोविडचे मृत्यू निघाले 1,60,618. पाव हिस्सा सगळ्यापेक्षा मोठा! 2021 मध्ये तर देशात एकूण 1 कोटी 2 लाख मृत्यू नोंदले गेले, 2019 मध्ये ते 76 लाखांच्या घरात होते. जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांचे जादा मृत्यू 47 लाख धरले. केंद्र सरकारने ते मान्य केलं नाही. वाद आकडेमोडीच्या पद्धतीचा आहे, त्यात मी पडत नाही. आमच्या तळमजल्यावरचे गठ्ठे मात्र मी पाहिलेत.

पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीसाठी लोक पुन्हा दाखल्यावर कोविड लिहून मागायला आले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलं की दाखल्यावर कोविड नाही एवढ्यावरून मदत नाकारू नका. चाचणीनंतर तीस दिवसांत झालेला मृत्यू, घरी झालेला असला तरी, मोजायचा ठरला. नाकारलं गेलं तर जिल्हा समिती होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोकांना आधीच माहीत असतं तर अर्ध्या चकरा वाचल्या असत्या.

विमा कंपनी कारणाचा कागद मागते. काय द्यायचं?

साधी आयुर्विमा पॉलिसी आणि तीन वर्षं उलटलेली असतील, तर विमा कायद्याच्या 45 व्या कलमानुसार माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. तिथे कारणाचा फारसा प्रश्न उरत नाही. तीन वर्षांच्या आतला दावा असेल तर कंपनी बारीक तपास करते, आणि एलआयसीत ज्याला ‘बी फॉर्म’ म्हणतात तो उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून भरून मागते. तो फॉर्म, डिस्चार्ज किंवा डेथ समरी आणि नमुना 4 यांत तीन वेगवेगळी कारणं असतील तर फाईल अडकलीच समजा. आमच्याकडे एकाच माणसाच्या तीन कागदांवर ‘सेप्सिस’ (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग), ‘सीआरए’ आणि ‘मधुमेह’ असायचं. तिन्ही त्याच रुग्णालयाने दिलेले.

अपघात विम्याला मात्र कारण लागतंच. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश, वीज पडणं हेही धरतात. त्यासाठी दोन लाखांची मदत आहे. पण साप चावून गेलेल्याला डॉक्टरने पाहिलंच नसेल आणि शवविच्छेदनही झालं नसेल, तर सापाची साक्ष कोण देणार?

नमुना 4 वर चुकीचं कारण लिहिलंय. दुरुस्त होतं का?

होतं, वेळखाऊ आहे. आधी रुग्णालयात अर्ज द्या, ज्या डॉक्टरची सही आहे त्यांच्या किंवा युनिटप्रमुखांच्या नावे, सोबत केसपेपर आणि तपासण्यांच्या प्रती. त्यांनी सुधारित प्रमाणपत्र दिलं की निबंधकाकडे जायचं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम 15 प्रमाणे दुरुस्ती होते ती वहीच्या समासात. मूळ नोंद खोडत नाहीत, तिच्यावर पांढरी शाई लावत नाहीत. शेजारी नवी नोंद, तारीख आणि सही. साधी लेखनचूक असेल तर निबंधक कागद बघून करतो. आशयाची चूक असेल तर प्रकरण माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन मागतात.

प्रामाणिकपणे सांगते, डॉक्टर स्वतःचं लिहिलेलं बदलायला सहज तयार होत नाहीत. उपचारात चूक झाल्याची ही कबुली ठरेल, असं त्यांना वाटतं. अर्जाची भाषा सौम्य ठेवा. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द घातला की फाईल कायदा सल्लागाराकडे जाते आणि तिथेच बसते.

नावात चूक आहे, कारणात नाही.

हे त्यामानाने सोपं. निबंधकाकडे अर्ज, आधार किंवा शाळेचा दाखला, जुनी कागदपत्रं. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव की सासरचं, हा घोळ सगळ्यात जास्त.

नोंद करायला उशीर झाला, किंवा गाव वेगळं आहे.

मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, राहत्या गावी नाही. सातारचा माणूस पुण्यात गेला तर नोंद पुण्यात. चालत्या गाडीत गेला तर गाडी पहिल्यांदा थांबली तिथे. मुदत 21 दिवसांची. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं, वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. वर्षानंतर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागे. ऑक्टोबर 2023 पासून जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी आदेश देतो. 2025 मध्ये महाराष्ट्रात या जुन्या नोंदींची छाननी बरीच कडक केली आहे.

परदेशातल्या दाखल्यावर कारण असतं म्हणे?

इंग्लंडमध्ये असतं. तिथे लंडनला किंवा लेस्टरला वडील वारले की दाखल्यावर आजाराचं नाव छापून येतं, आणि आपल्याकडचे नातेवाईक तो बघून म्हणतात, ‘बघा, तिकडे कसं व्यवस्थित.’ त्याच देशात हॅरॉल्ड शिपमन नावाचा एक फॅमिली डॉक्टर स्वतःच्या पेशंटना मारत होता आणि स्वतःच त्यांच्या मृत्यूची प्रमाणपत्रं भरत होता, बहुतेकदा साधी म्हातारपणाची किंवा हृदयाची कारणं घालून. पुढे चौकशी आयोगाला 215 बळी सापडले. त्याला शिक्षा झाली 2000 साली. प्रत्येक मृत्यूचा कागद दुसऱ्या, त्रयस्थ डॉक्टरने तपासलाच पाहिजे हा नियम सगळीकडे लागू व्हायला सप्टेंबर 2024 उजाडलं.

त्या दिवशी, त्या अवस्थेत, आम्ही नेमकं काय बघायचं?

घरातल्या एकाने, जो जरा शुद्धीत आहे त्याने, तीन गोष्टी बघाव्यात. पहिलं, नमुना 4 वर नाव आणि वय आधारप्रमाणे आहे का. दुसरं, 1 अ मध्ये नुसतं ‘अरेस्ट’ किंवा ‘फेल्युअर’ आहे का. असेल तर डॉक्टरांना शांतपणे विचारा, ‘डॉक्टर, हे कशामुळे झालं ते खाली लिहाल का?’ पडणं, भाजणं, चावणं, अपघात असं काही घडलं असेल तर ते तुम्ही स्वतः सांगा, कारण रात्रपाळीच्या डॉक्टरला ते ठाऊक असेलच असं नाही. तिसरं, प्रत. 2023 च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे, तीही मोफत. ‘ती आमच्याकडेच राहते’ असं खिडकीतून सांगितलं तर ‘जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, कलम 10’ म्हणा. आणि मिळाली की मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तेराव्यापर्यंत तो कागद कुणाच्या पिशवीत गेला ते कुणालाही आठवत नाही.